बदामी खड्याला तारेचे कोंदण

कापडाच्या पेढीवर आयुष्य घालविलेल्या माणसाने दागिन्यांवर लेख लिहावा, याचे वाचकांना नवल वाटेल. आम्ही सोनार नाही. सोनाराचा हुनर पिढ्यान्‌पिढ्यांचा असतो आणि तो त्याच्याकडेच शोभतो. शाळाही आमची उर्दूत झालेली, तेव्हा मराठीत कोठे शब्द घसरला तर वाचकांनी सांभाळून घ्यावे. पण तारेशी आमचा परिचय जुना आहे. साडीच्या काठात जी जर चमकते ती शेवटी तारच असते. खऱ्या जरीत चांदीची बारीक तार चपटी करून रेशमी धाग्यावर गुंडाळतात आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा देतात. नकली जरीत चांदीच्या जागी तांबे येते, आणि त्याहून हलक्या जरीत धातूचा पातळ थर दिलेले प्लास्टिक. येवल्याच्या पैठणीपासून बाजारच्या साध्या साडीपर्यंत हा फरक ओळखण्यात आमची तीस वर्षे गेली. म्हणून जेव्हा घरातल्या मुलींनी तारेत खडे गुंफण्याचे काम सुरू केले, तेव्हा आम्हीही त्यात लक्ष घातले. त्यात काही शिकलो, एक मोठी चूकही केली. ते सर्व आमच्या व्यापारी व कारागीर बंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

या कामाला भट्टी लागत नाही, फुंकणी लागत नाही, डाग द्यावा लागत नाही. खड्याला भोकही पाडावे लागत नाही. तीन पकडी, थोडी तार आणि खडे एवढ्या भांडवलावर घरबसल्या सुरुवात होते. मालेगावसारख्या गावात, जेथे माग कधी चालतात, कधी बंद पडतात, किंवा मुंबईच्या वस्त्यांत, जेथे कारचोबीचे काम करणारे हात कधीकधी रिकामे बसतात, तेथे अशा कामाची किंमत आहे. कारचोबी करणाऱ्याच्या बोटांना तर तारेची ओळख असतेच. सलमा आणि दबका हे तारेचेच प्रकार.

तारेत बांधलेल्या खड्यांत सर्वांत जास्त मागणी बदामी आकाराला आहे, आणि सर्वांत जास्त माल बिघडतो तोही याच आकाराचा. असे का होते आणि ते कसे टाळावे, हाच या लेखाचा विषय आहे.

बदाम म्हणावे की पान?

पहिला धडा नावाचा. मराठी माणूस पत्त्यांतल्या खुणेवरून या आकाराला बदाम म्हणतो. हिंदी बोलणारा त्याच पत्त्याला पान म्हणतो. खड्यांच्या बाजारात 'पान' किंवा 'हार्ट' हे दोन शब्द चालतात. आम्ही २०२१ साली परगावच्या एका व्यापाऱ्याकडे टेलिफोनवरून बदामी आकाराचे शंभर खडे मागविले. माल आला तो खऱ्या बदामासारखा. एका टोकाला निमुळता, दुसरीकडे गोल, आणि वर खाच नाही. त्या बिचाऱ्याची काही चूक नव्हती. आम्ही जे मागितले तेच त्याने पाठविले. तेव्हापासून आम्ही कागदावर आकार काढून, लांबी, रुंदी व जाडी मिलिमीटरमध्ये लिहून मगच मागणी देतो. आपणही तसेच करावे.

खडा कोठून येतो

आपल्या भागात या कामाला सर्वांत सोयीचा खडा म्हणजे अकीक. त्याची अंगठी आपल्यापैकी अनेकांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणात ज्या पोकळ्या राहिल्या, त्यांत हा दगड तयार झाला. गुजरातेत भडोच जिल्ह्यातील रतनपूरच्या खाणींचा अकीक प्रसिद्ध आहे. तेथेच बाबा घोर यांची दर्गाह आहे, आणि अकीकाच्या धंद्याशी त्यांचे नाव लोकपरंपरेने जोडलेले आहे. खाणीतला दगड खंबायतला जातो आणि तेथील कारागीर त्याला भाजून, फोडून, घासून, चकाकी देऊन आकार देतात. भाजल्याने पिवळसर दगडाला लाली येते. हा हुनर फार जुना आहे. जवळच लोथल येथे उत्खननात हडप्पाकाळातील मणी बनविण्याचा कारखाना सापडला आहे.

यात महाराष्ट्राचाही वाटा आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या ग्रंथात नोंद आहे की, पैठणहून अकीकाच्या जातीचा दगड आणि तगरहून, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेरहून, कापड गाड्यांत भरून बिकट वाटांनी भडोचच्या बंदरावर येत असे. दगड आणि कापड एकाच वाटेने जात होते, हे वाचून आमच्यासारख्या कापडवाल्याला आनंद झाला.

पण या धंद्याला एक दुःखाची बाजू आहे. दगड कोरडा घासताना जी बारीक धूळ उडते ती श्वासातून फुफ्फुसात जाऊन बसते. त्या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. तो बरा होत नाही. खंबायतच्या कारागिरांत हा रोग मोठ्या प्रमाणात आढळला आहे, आणि पुष्कळदा त्याला क्षय समजून चुकीचा इलाज होत राहिला. म्हणून आमची कळकळीची विनंती आहे की, खडा घरात घासू नये. खाच उथळ वाटली, कड ओबडधोबड वाटली, तर तो खडा परत करावा. अंगणात यंत्र लावून मुलांच्या जवळ दगडाची धूळ उडवू नये.

खडा निवडताना

सुरुवातीला खालून सपाट व वरून फुगीर असा खडा घ्यावा. बाजारात त्याला 'कॅब' म्हणतात. सुमारे ३० मिलिमीटर उंच, तितकाच रुंद आणि ६ मिलिमीटर जाड असा खडा शिकायला चांगला. फार लहान खड्यावर बोटे बसत नाहीत, आणि फार मोठा खडा जड होतो.

चार गोष्टी पाहाव्यात. वरची खाच स्पष्ट असावी, निदान ४-५ मिलिमीटर खोल. खालचे टोक तुटलेले किंवा सुईसारखे बारीक नसावे, किंचित गोलसर असावे. दोन्ही खांदे सारख्या उंचीचे असावेत. कडेला बारीक भेग नसावी. भेग पाहण्यासाठी खडा दिव्यासमोर धरून फिरवावा.

कठीणपणाचाही विचार हवा. खनिजांचा कठीणपणा मोजण्याच्या १ ते १० च्या मापावर अकीक साडेसहा ते सातवर आहे, तांबे सुमारे तीनवर. तांब्याच्या तारेने अकीकावर ओरखडा उठत नाही. गुलाबी स्फटिकही सातवर आहे, तोही चांगला. फिरोजा पाच-सहाच्या दरम्यान येतो, आणि हिरवा मॅलाकाइट साडेतीन-चारच्या आसपास. मॅलाकाइटला पोलादी पक्कड नुसती घसरली तरी ओरखडा पडतो. हात बसल्याशिवाय असे मऊ खडे घेऊ नयेत.

बदामाची खोड

गोल किंवा लंबगोल खड्याभोवती तारेचा पट्टा घातला की तो चोहोबाजूंनी सारखा बसतो. बदामाचे तसे नाही. वर खाच आहे, तेथे पट्टा आत वळतो. खांद्यावर तो बाहेर फुगतो. तेथून खाली टोकापर्यंत कडा जवळजवळ सरळ उतरतात. सरळ उतारावर तारेला पकड मिळत नाही. खड्याचे सारे वजन टोकावर येते, आणि टोकाशीच तार दोन्ही बाजूंनी मोकळी असते. खडा थोडा हलू लागला की टोक पुढे सरकते, आणि एके दिवशी सगळा खडा पुढच्या बाजूने निसटतो. वरच्या वेटोळ्यांची नक्षी कितीही सुंदर असली तरी तिचा येथे उपयोग नाही.

म्हणून बदामाला तीन ठिकाणी धरावे लागते. टोकाला, दोन्ही खांद्यांना आणि खाचेत. पूर्वी फोटोच्या अल्बममध्ये चित्र चिकटविताना कागदाचे कोपरे लावीत. टोकाला तारेचा तसाच कोपरा बसला पाहिजे.

आमची चूक

हे आम्हाला कसे कळले ते सांगितले पाहिजे. २०२२ साली आम्ही गल्लीतील सहा घरांत हे काम दिले. खडे आमचे, तार आमची, मजुरी नगाला ४० रुपये. साठ पदके तयार झाली आणि एका दुकानदाराला १५० रुपयांच्या भावाने दिली. दोन महिन्यांत अकरा परत आली. काहींत खडा डुगडुगत होता, काहींत खडाच नव्हता.

आम्ही व्यापाऱ्याच्या सवयीने वागलो. परत आलेल्या अकरा नगांची मजुरी, ४४० रुपये, पुढच्या हिशेबातून कापून घेतली. बाया काही बोलल्या नाहीत. काम हातचे जाईल या भीतीने गरीब माणूस बोलत नाही. त्यांच्यात आमची पुतणीही होती. तिने एक चांगले पदक आणि एक बिघडलेले पदक आमच्या गादीवर शेजारी ठेवले आणि म्हणाली, "चाचा, हे चांगले आहे ते माझ्या स्वतःच्या तारेचे आहे. यात चार तारा आहेत. तुम्ही तीनच तारा तोडून दिल्या होत्या, आणि त्याही आखूड. टोकाला वळवायला तार उरतच नव्हती."

आम्ही कागद घेऊन हिशेब केला. चार तारा २३ सेंटिमीटरच्या लागतात. आम्ही तीन तारा १८ सेंटिमीटरच्या दिल्या होत्या. प्रत्येक नगामागे ३८ सेंटिमीटर तार वाचली. तिचे वजन पावणेदोन ग्रॅमही भरत नाही. तांब्याचा भाव किलोला हजार रुपये धरला तरी ही बचत पावणेदोन रुपयांच्या आतली. साठ नगांमागे जेमतेम शंभर रुपये वाचविले आणि साडेसोळाशेचा माल परत घेतला. शिवाय चूक आमची आणि दंड भरला त्यांनी. दुसऱ्या दिवशी ४४० रुपये घरोघरी जाऊन परत केले. दुकानदाराला अकरा नग नव्याने करून दिले. पैसे परत करणे सोपे गेले, त्या दारांत उभे राहणे अवघड गेले.

तारेची निवड

तारेचा नंबर जितका मोठा तितकी ती बारीक. आमच्या सुताच्या काउंटसारखेच हे आहे. पण येथे एक फसगत होते. आपल्याकडे मोटार भरण्याच्या तारेवर जुना ब्रिटिश नंबर चालतो. त्यात २० नंबर म्हणजे ०.९१ मिलिमीटर, आणि २१ नंबर म्हणजे ०.८१. अमेरिकन पुस्तकात मात्र ०.८१ मिलिमीटरच्या तारेला २० नंबर म्हणतात. पुस्तकात वाचून दुकानात नंबर सांगितला की भलतीच तार हाती येते. म्हणून मिलिमीटरच सांगावे. आपल्या कामाला चौकटीसाठी ०.८ मिलिमीटर आणि बांधणीसाठी ०.४ मिलिमीटर अशा दोन तारा लागतात.

हात बसविण्यासाठी मोटार रिवायंडिंगच्या दुकानातील उरलेली तांब्याची तार उत्तम. ती मऊ असते आणि स्वस्त मिळते. तिच्यावर वार्निशासारखा थर असतो. तो घरात जाळून काढू नये, धूर अपायकारक असतो. विक्रीच्या मालाला मात्र कोरी तांब्याची तार घ्यावी. मुंबईत पायधुणीजवळ तांबाकाटा ही तांब्या-पितळेची जुनी बाजारपेठच आहे.

तांबे वाकविले की ते कडक होत जाते. एकाच जागी तार चार-पाच वेळा पुढेमागे वाकविली तर ती तुटते. म्हणून एका वाकात काम करावे, चुकल्यास नवी तार घ्यावी. कडक तार मऊ करायची असेल तर खडा बसविण्यापूर्वी ती मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवावी. खडा आत असताना आच कधीही लावू नये, अकीक तडकतो.

पितळ ताठ असते, नवशिक्याला जड जाते. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदीचा अंशही नसतो. ते तांबे, जस्त व निकेल यांचे मिश्रण आहे. निकेलने पुष्कळांच्या कातडीला खाज सुटते. युरोपीय संघाने तर १९९४ साली दागिन्यांतील निकेलवर मर्यादा घालणारा नियम केला. बाहेरदेशी माल पाठविणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. चांदी घ्यायची तर ९२५ ची घ्यावी. शुद्ध चांदी फार मऊ पडते, खडा घट्ट धरीत नाही.

हत्यारे

गोल तोंडाची पक्कड, आतून गुळगुळीत अशी चपट्या तोंडाची पक्कड, तार तोडण्याची कटर, बारीक कानस, मोजपट्टी, सुती दोरा, कागदी चिकटपट्टी आणि पेन्सिल. पक्कडीला आतून दाते असतील तर त्यांवर चिकटपट्टी गुंडाळावी, म्हणजे तारेवर खुणा उठत नाहीत.

कृती

१) खड्याच्या कडेभोवती दोरा फिरवून माप घ्यावे. खाचेतही दोरा आत दाबावा. ३० मिलिमीटरच्या खड्याचा घेर सुमारे १० सेंटिमीटर भरतो. त्यात दोन्ही टोकांना साडेसहा सेंटिमीटर मिळवावे. म्हणजे २३ सेंटिमीटरच्या चार जाड तारा तोडाव्या. बारीक तार एक मीटर लागेल. तिचे १५ सेंटिमीटरचे चार तुकडे करावे, उरलेली ४० सेंटिमीटर बाजूला ठेवावी.

२) प्रत्येक जाड तार फडक्यात धरून दोन-तीनदा ओढावी, म्हणजे ती सरळ होते. यापेक्षा जास्त ओढू नये.

३) चारही तारा ताण्यासारख्या शेजारी शेजारी लावाव्या आणि दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावावी. साधारण सव्वातीन मिलिमीटर रुंदीची पट्टी तयार होते. पट्टीचा मध्य खुणावा. मध्यापासून दोन्ही बाजूंना १० मिलिमीटरवर एक आणि ३२ मिलिमीटरवर एक, अशा चार खुणा कराव्या. मध्यावर खड्याचे टोक येणार आहे. ३२ च्या खुणा खांद्यावर येतील.

४) चारही खुणांवर बारीक तारेचे पाच-पाच वेढे घट्ट द्यावे. वेढ्याची सुरुवात व शेवट खड्याच्या बाजूला, म्हणजे आतून असावा. जास्तीची तार तोडून टोके चपटी दाबावी. मध्यावर वेढा देऊ नये. पट्टी तेथे मोकळी राहिली पाहिजे, कारण टोकाचा कोपरा तेथेच होणार आहे.

५) मध्यावर चपट्या पक्कडीने पट्टी वाकवून खड्याच्या टोकाइतका कोन करावा. तारा एकमेकींवर चढू देऊ नये.

६) खड्याचे टोक त्या कोनात बसवून दोन्ही अंगठ्यांनी पट्टी वर वर दाबत न्यावी. सरळ उतार, मग खांदा, मग खाच. खाचेच्या तळाशी दोन्ही पट्ट्या भेटल्या की पक्कडीने त्या उभ्या वळवाव्या. आता टोकांची चिकटपट्टी काढावी.

७) खडा जागेवर असतानाच राखून ठेवलेल्या बारीक तारेने दोन्ही पट्ट्या एकत्र बांधाव्या. पहिला वेढा खाचेच्या तळाला लागून असावा. सहा वेढे पुरेत. ही झाली मान. मान खाचेच्या वर राहिली तर खडा वरखाली हलतो. बारीक तारेचे उरलेले शेपूट तोडू नये.

८) आता खडा पुढच्या बाजूने हळूच बाहेर काढावा. पट्टीतील सर्वांत मागची तार पाच ठिकाणी आत ओढावी. टोकाला, दोन्ही उतारांच्या मध्यावर आणि दोन्ही खांद्यांवर. दीड-दोन मिलिमीटर पुरे. खडा परत बसवावा. तो मागून पडता कामा नये.

९) मग पुढची तार. सुरुवात टोकापासूनच करावी. कोनातली पुढची तार पक्कडीच्या टोकाने उचलून खड्याच्या तोंडावर दोन मिलिमीटर आत घ्यावी, म्हणजे कोपरा तयार होतो. त्यानंतर उजवा खांदा, डावा उतार, डावा खांदा, उजवा उतार, असे आलटून पालटून ओढावे. कारचोबावर कापड ताणताना आपण एक बाजू पूर्ण ताणीत नाही, समोरासमोर ताणतो. येथेही तोच नियम. एकीकडून ओढत गेले तर खडा दुसरीकडे सरकतो.

१०) मानेच्या वर आठ तारा उरतात. मधल्या चार एकत्र धरून पेन्सिलीवरून मागे वळवाव्या, म्हणजे साखळी ओवायची कडी होते. त्यांची टोके मानेच्या मागे आणून बारीक तारेच्या शेपटाने बांधावी व तोडावी. उरलेल्या चारांपैकी दोन तारा मानेभोवती एक-एक वेढा देऊन मागे दाबाव्या. शेवटच्या दोन पुढे आणून गोल पक्कडीने त्यांची वेटोळी करावी आणि एक-एक खांद्यावर टेकवावी. ही वेटोळी शोभेची आहेत, तशीच ती खांद्यांना आधारही देतात.

११) प्रत्येक टोक कानशीने गोल करून आत दाबावे.

पारख

पदक तयार झाले की चार कसोट्या लावाव्या. पहिली, कानाजवळ धरून हलवावे, आवाज येता कामा नये. दुसरी, मागून टोकाजवळ अंगठ्याने पुढे ढकलावे, टोक सरकता कामा नये. तिसरी, घडी घातलेल्या गोधडीवर कमरेच्या उंचीवरून तीनदा टाकावे. चौथी आमच्या धंद्यातली आहे. शिफॉनच्या ओढणीचा तुकडा घेऊन पदकावर सगळीकडून फिरवावा. एकही धागा अडकला तर कोठेतरी तारेचे टोक उघडे आहे. बाईची पाचशे रुपयांची ओढणी दीडशे रुपयांच्या पदकाने फाटली, तर ती पुन्हा त्या दुकानाची पायरी चढत नाही.

हिशेब आणि मजुरी

अशा एका नगाला सव्वापाच ग्रॅमच्या आसपास तांबे लागते. तेच काम ९२५ चांदीत केले तर सुमारे सहा ग्रॅम चांदी. तांब्याच्या मालात तार ही सर्वांत स्वस्त वस्तू आहे, आणि आम्ही नेमकी तिच्यातच काटकसर केली होती. चांदीच्या मालात गोष्ट वेगळी. तेथे तुकडेही तोलून परत घ्यावे लागतात, आणि ते पहिल्याच दिवशी सांगितलेले बरे.

उदाहरणादाखल हिशेब मांडू. समजा खडा ६० रुपये, तार तुटीसह ७ रुपये, मजुरी ४५ रुपये, डबी ५ रुपये, जाणे-येणे व इतर खर्च १० रुपये. बेरीज १२७. दहांत एक नग बिघडणार हे धरून चालावे. म्हणजे नऊ नगांनी दहांचा खर्च उचलायचा. तेव्हा एका विकाऊ नगाची खरी किंमत १४१ रुपये पडते. यावर आपला नफा चढवावा. पुष्कळ नवशिके खडा आणि तार एवढेच मोजतात, स्वतःची मेहनत फुकट धरतात, आणि चार महिन्यांनी धंद्यात बरकत नाही म्हणून सोडून देतात. नवशिक्याला एका नगाला दीड तास लागतो, हात बसल्यावर पाऊण तास. ही वेळ घड्याळ लावून मोजावी आणि किमतीत धरावी. बिघडलेल्या नगाची झीज धंद्याने सोसावी. ती कारागिराच्या मजुरीतून कापू नये, निदान चूक कोणाची हे पाहिल्याशिवाय तरी नाही.

ग्राहकाला काय सांगावे

खड्यांच्या बाजारात नावांचा गोंधळ फार आहे. सोनेरी चमचम करणारा जो तपकिरी खडा पुष्कळदा सनस्टोन म्हणून विकतात, तो गोल्डस्टोन असतो. ती तांब्याचे कण घातलेली काच आहे. दुधी-निळसर ओपलाइट हीही काचच. गडद निळा, गर्द गुलाबी असा अकीक बहुधा रंगविलेला असतो. कापसावर नेलपॉलिश काढण्याचे औषध घेऊन खड्याची मागची बाजू पुसावी. रंग उतरला तर खडा रंगविलेला आहे. काच विकणे किंवा रंगविलेला खडा विकणे यात वाईट काही नाही. ते लपवून विकणे वाईट. वेरूळ-अजिंठ्याच्या वाटेवर दगड विकणाऱ्यांशी घासाघीस करणारा पर्यटक मुळात संशयानेच बोलत असतो. त्याला खरे नाव आपणहून सांगितले तर तो चकित होतो आणि विकत घेतो, असा आमचा तजुर्बा आहे.

आम्ही प्रत्येक पदकासोबत लहानसे कार्ड देतो. त्यावर तीन ओळी असतात. खडा कोणता, तार कोणती, आणि तांब्याचा घामाने कातडीवर हिरवट डाग पडतो, तो साबणाने जातो. या तिसऱ्या ओळीमुळे माल खपणार नाही असे आम्हाला वाटले होते. उलट ती छापल्यापासून डागाची तक्रार घेऊन कोणी आले नाही.

शेवटी एक विनंती. शिकणाऱ्यांनी रिवायंडिंगच्या तारेत पहिले दहा नग करावे आणि ते विकू नयेत. प्रत्येकावर क्रमांक घालून डब्यात ठेवावे. दहावा झाला की पहिला काढून शेजारी ठेवावा आणि दोन्हींची टोके अंगठ्याने दाबून पाहावी. पहिल्यात टोक हलेल. दहाव्यात हलले नाही, तर अकराव्याला कोरी तार लावावी. आमच्या पुतणीच्या डब्यात तिचे पहिले दहा अजून आहेत. गल्लीतील कोणी नवी मुलगी शिकायला आली की ती आधी तो डबा उघडते आणि मुलीच्या हातात एक नंबरचे पदक देते.